समुद्राची परीक्षा आणि परीक्षकाचे मानधन

आपल्या पक्षाच्या अभ्यासवर्गांत शेतमालाचे भाव निघतात, सहकाराची दुरवस्था निघते, आरक्षण निघते, खासगीकरण निघते. समुद्राचे विज्ञान मात्र कधी निघत नाही. तो विषय प्रयोगशाळेतल्या मंडळींचा, आपला नव्हे, असा समज आपण करून घेतला आहे. या समजाची किंमत किनाऱ्यावरचा मच्छीमार गेली तीस वर्षे मोजतो आहे. ती वसूल करणारी यंत्रणा कोणत्याही गिरणीमालकाहून अधिक सभ्य भाषेत बोलते, म्हणून ती आपल्याला ओळखूही येत नाही. विद्यापीठांत आणि राष्ट्रीय संस्थांत तिला 'उपयोजित संशोधन' असे म्हणतात.

माझे लक्ष या विषयाकडे गेले ते एका विद्यार्थिनीमुळे. कोकणातील एका बंदरगावातल्या कोळी कुटुंबातली ही मुलगी. पर्यावरणविज्ञानात एम.एस्सी. करणारी घराण्यातली पहिलीच. शेवटच्या वर्षाच्या प्रबंधिकेसाठी तिने निवडलेला विषय साधा आणि नेमका होता. तिच्या गावच्या खाडीच्या मुखाशी एका औद्योगिक वसाहतीची सांडपाण्याची वाहिनी येते. त्या वाहिनीपासून क्रमाक्रमाने दूर जाणारी बारा ठिकाणे ठरवायची, तिथला गाळ वर काढायचा, त्यातले कृमी व शिंपले मोजायचे, पाण्यातला विरघळलेला प्राणवायू पाहायचा आणि वाहिनीजवळ जीवसृष्टी किती उरली आहे याचा हिशेब मांडायचा. मार्गदर्शकांनी प्रथम होकार दिला. महिन्याभराने तिला बोलावून सांगण्यात आले की, ठिकाणे बदल. त्या वसाहतीतील उद्योजकांच्या संघटनेचे सल्ल्याचे काम आपल्या विभागाकडे आहे, आणि विद्यार्थ्याच्या आकड्यांवरून उद्या वाद उद्भवला तर अडचण होईल. मुलीने अखेर कांदळवनाची पाने काचेच्या बरण्यांत किती दिवसांत कुजतात यावर प्रबंधिका लिहिली. तिला प्रथम श्रेणी मिळाली. तिचे वडील एका शिबिराच्या वेळी मला म्हणाले, "पोर शिकली, पन आपलाच दर्या तिला तपासू देत नाय."

मार्गदर्शक गृहस्थ दुष्ट नव्हते, हे मुद्दाम नमूद करतो. मी त्यांना भेटलो. त्यांच्या विभागातले एक महत्त्वाचे उपकरण दोन वर्षे बंद पडून होते. विद्यापीठाकडून दुरुस्तीला पैसे मिळाले नाहीत, आणि ते चालू झाले ते याच सल्ल्याच्या शुल्कातून. त्या उपकरणावर पुढे वीस-पंचवीस विद्यार्थ्यांचे काम झाले. "मी काय करायला हवे होते?" असे त्यांनी मला विचारले. त्या क्षणी मला उत्तर देता आले नाही, आणि माणसाच्या सचोटीवर घसरून हा प्रश्न सुटणार नाही एवढे मात्र कळले. प्रश्न पैशाचा आहे, आणि तो पैसा कोणत्या दाराने आत येतो याचा आहे. अर्थशास्त्राच्या मास्तराने त्यात नाक खुपसण्याचे कारणही तेच.

आपला देश संशोधनावर राष्ट्रीय उत्पन्नाच्या किती हिस्सा खर्च करतो? २०२०-२१ च्या सरकारी आकडेवारीनुसार ०.६४ टक्के. हा हिस्सा वाढवण्याचे आश्वासन प्रत्येक राजवटीने दिले, आणि प्रत्येक राजवटीने त्याऐवजी प्रयोगशाळांना 'स्वतःच्या पायावर उभे राहा' असा उपदेश केला. १९८६ मध्ये अबीद हुसेन समितीने सी.एस.आय.आर. या परिषदेच्या प्रयोगशाळांनी खर्चाचा सुमारे एक तृतीयांश भाग बाहेरून कमवावा अशी शिफारस केली. त्यावेळी आपल्यापैकी अनेकांना ती शिफारस वाजवी वाटली होती. मलाही वाटली होती. जून २०१५ मध्ये डेहराडूनच्या चिंतन शिबिरात याच प्रयोगशाळांपुढे स्वयंपूर्णतेचे, म्हणजे आपला खर्च आपणच भागवण्याचे, उद्दिष्ट ठेवण्यात आले. आणि २०२३ च्या कायद्याने जे अनुसंधान राष्ट्रीय संशोधन प्रतिष्ठान स्थापन झाले, त्याच्या पाच वर्षांच्या पन्नास हजार कोटींपैकी सुमारे छत्तीस हजार कोटी खासगी उद्योग, देणगीदार इत्यादींकडून येतील असे गृहीत धरण्यात आले. म्हणजे चार आण्यांहून थोडे अधिक सरकारचे, उरलेले ज्यांची मर्जी त्यांचे. या घोषणेचे स्वागत करणाऱ्या अग्रलेखांत, मर्जी कोणत्या विषयावर होईल आणि कोणत्या विषयावर होणार नाही, हा प्रश्न मला कुठे आढळला नाही.

बॅटरी, औषध, बियाणे अशा विषयांत खासगी पैशाने काही बरेवाईट होईल. तो वाद निराळा. पण समुद्राची गोष्ट वेगळी आहे. समुद्राच्या ज्ञानाला दोनच मोठी गिऱ्हाइके आहेत. एक, ज्याला समुद्रात काही टाकायचे, भरायचे किंवा समुद्रातून काही उपसायचे आहे तो. दुसरा, ज्याचे पोट समुद्रावर आहे तो. पहिल्याच्या हाती धनादेशाचे पुस्तक आहे. दुसऱ्याच्या हाती जाळे आहे, आणि त्याला संशोधनाची मागणी नोंदवण्याची खिडकीच कुठे नाही.

एकेकाळी ती खिडकी सरकार होते, निदान तसे असण्याचा प्रयत्न तरी होता. आंतरराष्ट्रीय हिंदी महासागर मोहिमेतून १ जानेवारी १९६६ रोजी राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था जन्माला आली. गोव्यातील दोना पावला येथील ही संस्था म्हणजे सार्वजनिक पैशाने केवढे काम होऊ शकते याचा नमुना आहे. 'गवेषणी' जहाजाने जानेवारी १९८१ मध्ये महासागराच्या तळावरून बहुधातू गोटे वर आणले, तेव्हा वृत्तपत्रांनी मोठे मथळे दिले. माझ्या मते याच संस्थेचे त्याहून मोठे काम कोणत्याही मथळ्यात आले नाही. गोव्याच्या कांदोळी किनाऱ्यासमोर, जेमतेम पंचवीस-तीस मीटर खोल पाण्यात, १९९७ पासून एकाच ठिकाणी पुन्हा पुन्हा जाऊन पाण्याचे नमुने घेण्याचा एक क्रम चालू झाला. होडी काढायची, ठराविक खोलीवरून बाटल्या भरायच्या, प्राणवायू उडून जाण्याच्या आत होडीवरच रसायने घालून तो बद्ध करायचा आणि परत यायचे. काम कंटाळवाणे; पण त्याच सुमारास डॉ. एस. डब्ल्यू. ए. नक्वी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी 'नेचर' मध्ये २००० साली दाखवून दिले की, पावसाळ्यात आणि पावसाळ्याच्या अखेरीस आपल्या पश्चिम किनाऱ्यालगतच्या पाण्यात खालचा थर प्राणवायूला पारखा होतो, ही अवस्था अधिक तीव्र होत चालली आहे आणि तिच्यातून नायट्रस ऑक्साइड हा तापमानवाढीचा वायू मोठ्या प्रमाणावर सुटतो. कांदोळीच्या वर्षानुवर्षांच्या नोंदींनी ही अवस्था महिन्यामहिन्याने वाचता येऊ लागली, आणि कित्येक संशोधक विद्यार्थी त्या नोंदींवर घडले. खालचे पाणी प्राणवायूवाचून पडले की तळावरचा मासा कुठे जाईल, जाळ्यात काय येईल, हा मच्छीमाराच्या रोजच्या भाकरीचा प्रश्न आहे. तो विचारण्यासाठी कोणीही शुल्क भरले नव्हते.

आता याच्या शेजारी दुसऱ्या जातीचे विज्ञान ठेवून पाहावे. १४ सप्टेंबर २००६ च्या अधिसूचनेप्रमाणे बंदर, औष्णिक वीजकेंद्र, रासायनिक वसाहत अशा प्रकल्पांना पर्यावरणीय आघाताचा अहवाल सादर करावा लागतो. अहवाल तयार करणारा सल्लागार मान्यताप्राप्त असावा लागतो, हे खरे. पण त्याची निवड प्रकल्पकर्ता करतो, शुल्क प्रकल्पकर्ता देतो, मसुदा प्रथम प्रकल्पकर्ता वाचतो. सल्लागाराकडे सागरी जीवशास्त्रज्ञ नसेल तर तो राष्ट्रीय संस्थेकडे किंवा विद्यापीठाच्या पदव्युत्तर विभागाकडे जातो, आणि तिथे होडीत बसून नमुने घेणारा असतो तो तुमचा-आमचा मुलगा, एखाद्या तात्पुरत्या 'प्रकल्प साहाय्यका'च्या जागेवर, सहा महिन्यांच्या करारावर. अहवाल निघतो तेव्हा त्याचे नाव परिशिष्टातही असेलच असे नाही. त्याने गोळा केलेले मूळ आकडे त्याला आपल्या प्रबंधात वापरता येत नाहीत, कारण करारात गोपनीयतेचे कलम असते.

या अहवालांसाठी पायाभूत नोंदी बहुधा एका हंगामाच्या मागितल्या जातात, आणि तो हंगाम पावसाळा सोडून कोणताही चालतो. मूळ विचार हवेतील धुळीचा असावा. पावसात धूळ बसते म्हणून पाऊस वगळा, असा. हवेसाठी ते ठीक असेल. पण कोकणच्या समुद्रात पावसाळा वगळणे म्हणजे नाटकातला मधला अंक वगळून परीक्षण लिहिणे होय. नद्यांचा गाळ येतो पावसाळ्यात, खाडीचे पाणी गोडे होते पावसाळ्यात, नक्वी यांनी दाखवलेली प्राणवायूची टंचाई उद्भवते पावसाळ्यात आणि त्याच्या पाठोपाठ. सरकारचे मत्स्यव्यवसाय खाते कोळ्याला सांगते की, पावसाळा हा माशांच्या विणीचा काळ, म्हणून यांत्रिक नौका बंद ठेवा. कोळी त्या बंदीचा मान राखून दोन महिने उपाशीपोटी होडी शाकारतो. त्याच सरकारचे पर्यावरण खाते प्रकल्पकर्त्याला सांगते की, पावसाळ्यातला समुद्र पाहिला नाही तरी चालेल. एकाच मंत्रालयाच्या आवारात मावणारी ही दोन सत्ये एकमेकांना कधी भेटत कशी नाहीत?

भेटत नाहीत, कारण त्यांना भेटवण्याचा पगार कोणाला मिळत नाही.

वाढवणचे उदाहरण आपल्या वाचकांच्या परिचयाचे आहे, म्हणून तपशील थोडक्यात देतो. डहाणू तालुका जून १९९१ मध्ये पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून घोषित झाला. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९६ च्या आदेशावरून तिथे एक प्राधिकरण नेमले गेले. न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी त्याचे अध्यक्ष झाले आणि जानेवारी २०१९ मध्ये देहावसान होईपर्यंत राहिले. त्यांच्या प्राधिकरणाने १९९८ मध्ये वाढवणच्या बंदराला नकार दिला. ३१ जुलै २०२३ रोजी त्याच प्राधिकरणाने होकार दिला. १९ जून २०२४ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने सुमारे ७६,२०० कोटींच्या प्रकल्पाला मंजुरी दिली, आणि ३० ऑगस्टला पायाभरणी झाली. समुद्रात भराव पडायचा तो १,४४८ हेक्टरांवर. ओहोटीला उघडा पडणारा खडकाळ सडा, त्यातली शेवंडे, पलीकडे डोल जाळ्यांच्या जागा, असा हा किनारा आहे.

१९९८ आणि २०२३ यांच्या दरम्यान वाढवणच्या समुद्रात असे काय घडले की नकाराचा होकार व्हावा? समुद्र तोच आहे. बदलले ते वर्गीकरण. २०२० मध्ये केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने बंदरांना उद्योगांच्या लाल यादीतून उचलून 'उद्योगेतर' कप्प्यात ठेवले, आणि ज्या तालुक्यात लाल उद्योग निषिद्ध तिथे बंदर निषिद्ध राहिले नाही. या बदलामागे प्रयोगशाळेतला कोणता शोध होता? दरम्यान अभ्यासही झाले. नामांकित सरकारी संस्थांनी लाटांचे, गाळाचे, माशांचे अहवाल दिले. त्या अहवालांतील प्रत्येक आकडा खोटा आहे असे मी म्हणणार नाही. तसे म्हणायला माझ्याकडे आधार नाही. माझे म्हणणे इतकेच की, ते सर्व प्रश्न बंदर बांधू इच्छिणाऱ्याने विचारलेले होते. 'बंदर झाल्यास होणारी हानी सौम्य कशी करावी?' हा एक प्रश्न आहे. 'या किनाऱ्यावर आज किती कुटुंबे कोणत्या महिन्यात कोणत्या जागी काय पकडतात, आणि ती जागा गेली तर ती कुठे जातील?' हा दुसरा. पहिल्या प्रश्नाला खंडच्या खंड मिळाले. दुसऱ्याचे उत्तर मच्छीमारांच्या संघटनांनी हाताने लिहिलेल्या याद्यांत मिळते, आणि जनसुनावणीत त्या यादीला 'हरकत' म्हणतात, 'अभ्यास' म्हणत नाहीत.

मुंबईच्या वरळीत हीच गोष्ट मीटरांत मोजता आली. सागरी किनारा मार्गाच्या पुलाच्या दोन खांबांत किती अंतर असावे, म्हणजे होड्या सुखरूप ये-जा करतील? महानगरपालिकेच्या आराखड्यात ६० मीटर होते. वरळीचे कोळी म्हणत होते, २०० हवेत. उधाणाच्या वेळी वारा कसा ढकलतो, दोन होड्या समोरासमोर आल्या तर काय होते, ते आम्हाला ठाऊक आहे. काम अडवून, बोटी आडव्या लावून, त्यांनी हा वाद चालवला, आणि डिसेंबर २०२२ मध्ये १२० मीटर मान्य झाले. ६० चे १२० झाले ते कोणत्या सूत्राने? आंदोलनाच्या सूत्राने. ही बाब लढाऊ कार्यकर्त्याला सुखावणारी असली तरी मला ती अपुरी वाटते. ६० आणि २०० यांच्यामध्ये खरा आकडा कोणता, हे एखाद्या पदव्युत्तर विद्यार्थ्याने दोन पावसाळे त्या बंदरावर बसून शोधले असते, तर कोळ्यांना रस्त्यावर उतरण्याची निम्मी गरज उरली नसती. याच मार्गाची किनारा-परवानगी मुंबई उच्च न्यायालयाने जुलै २०१९ मध्ये रद्द केली तेव्हा योग्य शास्त्रीय अभ्यासाच्या अभावावर बोट ठेवले होते. डिसेंबरात सर्वोच्च न्यायालयाने त्या निकालाला स्थगिती दिली, काम पुढे गेले, आणि २०२० च्या अखेरीस वरळी व हाजीअलीच्या खडकांवरची १८ प्रवाळ-वसाहती उचलून दुसरीकडे लावण्यात आल्या. प्रवाळ स्थलांतरित करण्याचा खर्च निघाला. प्रथम पाहण्याचा निघाला नव्हता.

आता प्रतिपक्षाचे म्हणणे. ते म्हणतात, ज्याच्यामुळे अभ्यासाची गरज पडते त्यानेच त्याचा खर्च द्यावा, हे न्याय्य नव्हे काय? करदात्याने का द्यावा? प्रश्न रास्त आहे. के. विल्यम काप हे अर्थशास्त्रज्ञ पुण्याच्या गोखले संस्थेत काही काळ राहून आपल्या नदीखोरे-प्रकल्पांवर लिहून गेले. त्यांनी १९५० मध्येच खासगी उद्योगाच्या सामाजिक खर्चावर ग्रंथ लिहिला. उद्योग आपल्या खर्चाचा जो भाग समाजाच्या अंगावर ढकलतो तो हिशेबात येतच नाही, हे त्याचे सूत्र. तेव्हा प्रकल्पकर्त्याने खर्च द्यावा याला समाजवाद्याची हरकत असण्याचे कारण नाही. पण परीक्षेचे शुल्क विद्यार्थी भरतो म्हणून तो परीक्षक निवडत नाही, प्रश्नपत्रिका काढत नाही, आणि निकाल जाहीर होण्यापूर्वी उत्तरपत्रिका घरी नेत नाही. प्रकल्पकर्त्याने शुल्क सार्वजनिक निधीत भरावे, तज्ज्ञ त्या निधीच्या स्वायत्त मंडळाने नेमावेत, त्या मंडळावर मच्छीमारांचे निवडून आलेले प्रतिनिधी असावेत, आणि नमुना घेतल्यापासून ठराविक मुदतीत मूळ आकडे सर्वांना खुले व्हावेत. यात क्रांतिकारक असे काही नाही. दहावीच्या परीक्षेला आपण जेवढी शिस्त लावतो तेवढीच समुद्राला लावा, एवढीच मागणी आहे.

मी हे सोवळ्यात बसून लिहीत नाही. बऱ्याच वर्षांपूर्वी एका किनारी प्रकल्पाचा लाभ-व्ययाचा तक्ता तयार करणाऱ्या गटात मी होतो. रोजगार, वाहतूक, महसूल यांचे रकाने आम्ही तपशीलवार भरले. खाडीत पायी उतरून शिंपले गोळा करणाऱ्या बायकांचे उत्पन्न कोणत्याही बाजाराच्या नोंदीत सापडेना, म्हणून आम्ही ते 'इतर' या रकान्यात ढकलले आणि सोयीसाठी शून्य धरले. कोणी दडपण आणले नव्हते. मुदत जवळ आली होती, आणि त्या बायकांना भेटायला जाण्याचा प्रवासखर्च मंजूर नव्हता. त्या शून्यावर माझी सही आहे.

आपल्याच छावणीतील काही मित्रांना मात्र माझी ही सारी चर्चा व्यर्थ वाटते. त्यांच्या मते विज्ञान विकलेच गेले आहे. कोळ्याचे पारंपरिक ज्ञान पुरेसे आहे. अहवाल फाडून टाकावेत. ही भूमिका मला भाबडी वाटते, आणि घातकही. कोळ्याला उधाण आणि भांग कळते, वारा कळतो, कोणत्या पाण्याला बोंबील येईल ते कळते. पाण्यात विरघळलेला पारा डोळ्यांना दिसत नाही. तारापूरच्या सांडपाण्याबाबत अखिल भारतीय मांगेला समाज परिषदेने २०१६ मध्ये हरित न्यायाधिकरणाकडे धाव घेतली, तेव्हा तिथे अखेर मोजमापाचीच भाषा चालली. आणि २०१९ मध्ये महाराष्ट्राची सागरी मासळी दोन लाख टनांच्या आसपास, म्हणजे पंचेचाळीस वर्षांतील नीचांकावर आली, हे आपण मोर्च्यात ठणकावून सांगू शकतो ते कशामुळे? केंद्रीय सागरी मत्स्य संशोधन संस्थेची माणसे दशकानुदशके बंदराबंदरावर उभी राहून उतरणारी मासळी मोजत आली म्हणून. अहवाल फाडताना तोही फाटेल.

विज्ञान लोकांच्या बाजूने उभे राहू शकते याला केरळ साक्षी आहे. तिथल्या पारंपरिक मच्छीमारांनी पावसाळ्यातील ट्रॉलरविरुद्ध ऐंशीच्या दशकात लढा दिला. उपोषणे झाली, समित्या झाल्या, पहिल्या समितीत एकमत झाले नाही. जॉन कुरियन यांच्यासारखे अर्थशास्त्रज्ञ त्रिवेंद्रमला बसून लहान मच्छीमाराच्या बाजूचा हिशेब मांडत होते. १९८८ मध्ये पावसाळी ट्रॉलबंदी आली, आणि विद्यापीठातले प्राध्यापक एन. बाळकृष्णन नायर यांच्या समितीने तिला शास्त्रीय आधार दिला. चळवळीने प्रश्न विचारला, विद्यापीठाने उत्तर शोधले. उलट बाजूचा धडा आपल्या मालवणात आहे. तिथले सागरी अभयारण्य १९८७ मध्ये जाहीर झाले. त्यात कोणा उद्योगपतीचा पैसा नव्हता, हेतू प्रवाळ वाचवण्याचा होता; पण मच्छीमारांना विश्वासात घेण्याचे कोणाला सुचले नाही, आणि त्यांचा विरोध वर्षानुवर्षे टिकला. सरकारी पैशाने झालेले विज्ञान आपोआप लोकांचे होते, असा भ्रम त्यामुळे मला नाही.

मग विद्यार्थ्याचे काय? केंद्राच्या संशोधन-अधिछात्रवृत्तीची रक्कम जानेवारी २०२३ पासून दरमहा ३७,००० रुपये झाली. ती राष्ट्रीय परीक्षेत वरच्या क्रमांकाने येणाऱ्या मूठभरांना. एम.एस्सी.च्या प्रबंधिकेसाठी मुलाला बहुधा काहीच मिळत नाही. होडीचे भाडे, डिझेल, तांडेलाची मजुरी, रसायने, सारे खिशातून. परिणामी आपल्या किनारी महाविद्यालयांतील प्रबंधिका चाळून पाहा: धक्क्यावरून बादली सोडून काढलेले पाणी, ओहोटीला पायी जाऊन वेचलेल्या गोगलगायी, बाजारातून विकत आणलेला मासा. समुद्रावरचे पदव्युत्तर संशोधन समुद्रात जातच नाही. ज्याला जायचे असेल त्याने प्रकल्पकर्त्याच्या होडीतून जावे, अशी ही व्यवस्था आहे.

रत्नागिरीच्या शिरगावचे मत्स्य महाविद्यालय, गोवा विद्यापीठ, मुंबईची केंद्रीय मत्स्य शिक्षण संस्था असे किनाऱ्यावर संस्थांचे जाळे आहे, आणि त्यांतून दरवर्षी जाणती मुले बाहेर पडतात. मच्छीमार सहकारी संस्थांनी लेखी पाठवलेला प्रश्न प्रबंधिकेचा विषय म्हणून स्वीकारण्याची आणि त्याचा सागरी खर्च देण्याची तरतूद राज्याने करावी, विद्यार्थ्याच्या प्रबंधाला कोणतेही गोपनीयतेचे कलम लागू नये, आणि पावसाळ्याच्या नोंदींशिवाय किनारी प्रकल्पाचा अहवाल स्वीकारूच नये, या मागण्या पक्षाच्या किनारी जिल्ह्यांच्या कार्यक्रमात आल्या पाहिजेत. दरम्यान जिल्हा शाखांना कोणाच्या परवानगीची वाट न पाहता काही करता येईल. पुढची जनसुनावणी लागेल तेव्हा घोषणा अवश्य द्याव्यात, पण त्याआधी अहवालाचे पायाभूत नोंदींचे प्रकरण वाचावे. नमुने कोणत्या तारखांना, कोणत्या ठिकाणी, किती वेळा घेतले, भरतीला की ओहोटीला, एवढे चार प्रश्न लिहून नेले आणि उत्तर इतिवृत्तात नोंदवून घेतले, तर न्यायालयात पुढे त्याचा उपयोग होतो. मी तीन सुनावण्यांना हजर होतो. व्यासपीठावरचे अधिकारी घोषणांना सरावलेले असतात, "नमुना क्रमांक पाच कोणत्या दिवशी घेतला?" या प्रश्नाने मात्र त्यांना कागद चाळावे लागतात.

ती मुलगी सध्या तालुक्याच्या गावी शाळेत विज्ञान शिकवते. तिच्या वहीत त्या बारा ठिकाणांचे अक्षांश-रेखांश अजून आहेत, आणि वडिलांची होडीही आहे. सप्टेंबर ते फेब्रुवारीऐवजी आता पावसाळा धरून पूर्ण वर्षाचे नमुने घ्यायचे, गाळ उचलण्याचा पंजा कोणाकडून तरी उसना मिळवायचा आणि तपासणी दोन निरनिराळ्या प्रयोगशाळांत करायची, असे आमचे ठरते आहे. डिझेल, बाटल्या आणि रसायने मिळून किती खर्च येईल त्याचा अंदाज मी तिच्याकडे मागितला आहे. तो हाती आला की जिल्हा शाखेच्या बैठकीत ठेवीन.